आधी काठी, मग सेन्सर : नजर गेल्यावर कोकणातल्या वाटेवर चालायचं कसं

माझ्या मामांची नजर काचबिंदूने गेली. एका दिवसात नाही. सहा-सात वर्षं ती कडांकडून आत आक्रसत आली आणि शेवटी नळकांड्यातून दिसावं तेवढंच उरलं. आचऱ्याच्या खाडीजवळ त्यांचं घर आहे. घरापासून तिठ्यावरच्या दुकानापर्यंत सातशे-आठशे पावलं. आयुष्यभर तुडवलेली ती वाट, पण नजर गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मामा खळ्याच्या (घरापुढच्या अंगणाच्या) बाहेर पडले नाहीत. पुढच्या दोन वर्षांत आम्ही जे केलं, जे चुकलं आणि जे पुन्हा शिकलो, ते इथे क्रमाने लिहितो. शहरातल्या फुटपाथसाठी अशी माहिती भरपूर मिळते. पाणंद (कुंपणांमधली अरुंद वाट), व्हाळ (ओढा), साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) आणि चार महिन्यांचा पाऊस धरून लिहिलेली मला तरी कुठे मिळाली नाही.

डोळ्यांचं नेमकं काय उरलंय?

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: अक्षरं किती लांबून ओळखता येतात, आणि समोरचा किती पट्टा दिसतो. दुसरा प्रश्न बहुतेक घरांत राहूनच जातो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावूनही 3/60 पेक्षा कमी असेल (निरोगी डोळ्याला 60 मीटरवरून दिसतं ते 3 मीटरवरूनही दिसत नसेल), किंवा दृष्टीचं क्षेत्र 10 अंशांपेक्षा कमी असेल, तर ते अंधत्वच. मामा वर्तमानपत्रावरची तारीख वाचायचे आणि उठून दाराच्या चौकटीला धडकायचे. वाडीत लोक म्हणायचे, सोंग करतात. सोंग नव्हतं, पट्टा अरुंद झाला होता. रातांधळेपणा असेल तर तिसरीच तऱ्हा: दिवसा माणूस सुटा फिरतो आणि दिवेलागणीला खांबाला आपटतो. कुठली तऱ्हा आहे त्यावर पुढची सगळी तयारी ठरते, म्हणून इथे घाई करू नका.

त्याच फेरीत दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचं आणि यूडीआयडी कार्डाचं (दिव्यांगांच्या ओळखपत्राचं) काम उरका. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून, उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर, साधनं मिळू शकतात. एसटीच्या भाड्यात 75 टक्के सवलत आहे. कागदांबद्दल एवढं पुरे.

वाट आधी तुम्ही चाला, मग त्यांच्याबरोबर चाला

साधन घेण्याआधी रोजच्या दोन-तीन वाटा ठरवा. आमच्या तीन होत्या: पडवी ते न्हाणी-संडास, घर ते देऊळ, घर ते तिठा. प्रत्येक वाटेवर वही घेऊन चाला आणि अडचणींचे तीन कप्पे करा.

पहिला कप्पा पायाखालचा. जांभ्याच्या पायऱ्या, ज्यांची उंची एकसारखी कधीच नसते. शेवाळ धरलेला चिरा, कठडा नसलेला साकव, गटाराची फुटलेली लादी, मळ्याचा बांध, काठ नसलेली जुनी बाव (विहीर). दुसरा कप्पा गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा. वाटेवर आलेली काजूची फांदी, मार्च-एप्रिलात खोडाला छातीच्या उंचीवर लोंबणारे फणस, गळ्याशी येणारी कपडे वाळत घालायची दोरी, उभ्या टेम्पोचा उघडा फाळका. तिसरा कप्पा दिशेचा: कुठे वळायचं आणि चुकलो तर कसं कळणार.

हे कप्पे उगाच पाडलेले नाहीत. पहिला कप्पा काठीचा, दुसरा सेन्सरचा, तिसरा फोनचा आणि कानांचा. एकाचं काम दुसऱ्यावर टाकलं की माणूस पडतो. आम्ही ते करून पाहिलंय, त्याचं पुढे सांगतो.

वही भरली की निम्म्या अडचणी कोयता, खोरं आणि रंगाचा डबा घेऊन सुटतात. कपड्यांची दोरी आम्ही पहिल्याच दिवशी हलवली. फांद्या तोडल्या. बावेला चार थर चिरे लावून काठ केला. पायऱ्यांच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा चार बोटं रुंद पट्टा मारला आणि रंगात मूठभर बारीक वाळू मिसळली, म्हणजे पाय सरकत नाही. थोडीफार नजर असलेल्याला तांबड्या जांभ्यावर असा पट्टा संध्याकाळीही उठून दिसतो. चुना मारू नका, पहिल्याच सरीत वाहून जातो.

पडवीपासून न्हाणीपर्यंत काथ्याचा दोर बांधला, कमरेच्या उंचीला, खांबाखांबाला ताणून. पायरी आली की दोराला एक गाठ, वळण आलं की दोन. नायलॉनचा दोर पावसात बुळबुळीत होतो, काथ्या हाताला धरून राहतो. लाइट रात्रीत तीनदा गेली तरी या साधनाची बॅटरी उतरत नाही.

पांढरी काठी : उंची, टोक आणि हात

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांनी 1921 मध्ये आपली काठी गाड्यांना दिसावी म्हणून पांढरी रंगवली, असं सांगतात. जमिनीवर डावी-उजवीकडे फिरवायची लांब काठी आणि तिची पद्धत मात्र दुसऱ्या महायुद्धात नजर गमावलेल्या अमेरिकन सैनिकांना शिकवताना रिचर्ड हूवर यांनी बसवली. म्हणजे ही टेकायची काठी नाही. म्हाताऱ्या माणसाला हे पटवणंच सगळ्यात अवघड जातं, कारण काठी हातात आली की अंगाचा भार आपोआप तिच्यावर जातो. गुडघे दुखत असतील तर टेकायची काठी दुसऱ्या हातात वेगळी द्या.

उंची अशी मापा: सरळ उभं राहिल्यावर छातीचं मधलं हाड जिथे संपतं तिथपर्यंत काठी यायला हवी. साडेपाच फुटी माणसाला साधारण 120 सेंटिमीटर. आखूड काठी घेतली तर अडथळा कळतो तेव्हा पाऊल आधीच पुढे पडलेलं असतं. भराभर चालणाऱ्याला चार बोटं जास्त चालेल.

आता टोक. बारीक, पेन्सिलीसारखं टोक डांबरी रस्त्यावर छान चालतं, पण आमच्याकडे ते चिऱ्यांच्या फटीत अडकतं आणि मूठ पोटात बसते. जाड, गोल, फिरणारं टोक घ्या. वाळूत आणि गवतातही ते कमी रुततं.

धरायची पद्धत: हस्तांदोलन करावं तशी मूठ, तर्जनी काठीवरून सरळ खाली, हात बेंबीसमोर मध्यावर. हलवायचं फक्त मनगट. टोक दोन्ही खांद्यांच्या बाहेर दोन-दोन इंच जाईल एवढीच कमान. आणि मुख्य मेख इथे आहे: डावं पाऊल पुढे पडतं तेव्हा टोक उजवीकडे हवं. का? कारण यानंतर उजवं पाऊल पडणार आहे, आणि ते जिथे पडणार ती जागा काठी आधीच पाहून ठेवते. नवशिक्याचं टोक हमखास पावलाच्याच बाजूला जातं. आम्ही खळ्यात रोज वीस मिनिटं "डावं-उजवं" मोजत फेऱ्या मारल्या. आठवडाभर मामा वैतागले, दहाव्या दिवशी बोलता बोलता जमून गेलं.

टोक उचलून टकटक करायचं की जमिनीवरून घासत न्यायचं? सपाट रस्त्यावर टकटक चालते. पाणंदीत, पायऱ्यांवर, साकवाजवळ टोक जमिनीवरून उचलायचंच नाही. घासत नेलं की चिरा, माती, सिमेंट, शेवाळ यांतला फरक मुठीपर्यंत येतो. ओल्या शेवाळावर टोक आवाजच करत नाही, नुसतं सरकतं. मामा आता त्या शांततेवरूनच थांबतात.

पायऱ्या चढताना काठी उभी, पेन धरावं तशी, टोक पुढच्या पायरीच्या उभ्या बाजूला लावून. टोक लागायचं बंद झालं की शेवटची पायरी आली. उतरताना टोक एक पायरी पुढे खाली ठेवायचं. ते सपाट पुढे सरकलं की अजून एकच पाऊल बाकी. पाणंदीत गडग्याची (दगडी कुंपणाची) कड काठीने चाचपत गेलं की वाट सुटत नाही.

हे सगळं वाचून शिकण्यापेक्षा शिक्षकाकडून शिकलेलं बरं. 1952 पासून काम करणारी मुंबईची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि डेहराडूनची दृष्टिबाधितांसाठीची राष्ट्रीय संस्था ही विचारणा करायची ठिकाणं. तिथे या शिक्षणाला 'मोबिलिटी' म्हणतात.

सेन्सरची काठी कशी काम करते आणि कुठे थांबते

साधी काठी जमिनीचं सांगते, पण गुडघ्याच्या वर काय लोंबतंय ते तिला कळत नाही. फणसाखालून काठी आरामात निघून जाते, आणि फणस बसतो कपाळावर. हाच दुसरा कप्पा. आयआयटी दिल्लीत तयार झालेली आणि 2014 मध्ये बाजारात आलेली स्मार्टकेन यासाठीच आहे. तिची इलेक्ट्रॉनिक मूठ साध्या घडीच्या काठीवर बसते आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा 3 मीटरपर्यंत आधी थरथरीतून सांगते. मनगटावर किंवा हातात धरायची अशी दुसरी साधनंही मिळतात, गाभा तोच.

तो गाभा वटवाघळाचा. सेन्सर साधारण 40 किलोहर्ट्झचा आवाज सोडतो. आपल्या कानांची धाव 20 पर्यंत, म्हणून तो ऐकू येत नाही. आवाज अडथळ्यावर आपटून परत येतो आणि किती वेळात आला त्यावरून अंतर कळतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो, म्हणजे 3 मीटरवरच्या खांबाचा प्रतिध्वनी 17-18 मिलिसेकंदांत हजर. अडथळा जवळ येईल तशी थरथर बदलते. सावकाश चालणाऱ्याला 3 मीटर म्हणजे जवळपास तीन सेकंद. साधी काठी एखाद्या पावलाचीच सूचना देते.

मामांच्या हातात अशी मूठ पहिल्यांदा दिली तेव्हा ते म्हणाले, "हिका थंडीताप इलो काय रे?" दोन दिवसांत मात्र गोडी लागली. आणि तिथेच घोटाळा झाला. मूठ सगळं सांगतेय म्हटल्यावर त्यांचं टोक जमिनीवरून उचललं जाऊ लागलं. माझ्या ते लक्षात आलं होतं, मी टोकलं नाही. जानेवारीतल्या एका संध्याकाळी साकवाच्या कडेवरून त्यांचा पाय गेला. व्हाळात घोटाभर पाणी होतं म्हणून निभावलं, पाय मुरगळून तीन आठवडे घरात. मूठ गप्पच होती आणि तिचं बरोबर होतं: समोर अडथळा नव्हताच, समोर काहीच नव्हतं. पुढे आणि वर रोखलेला सेन्सर खड्डा दाखवत नाही. खड्डा, कड, साकव, जेटीचा काठ, फलाटाचा काठ हे सगळं काठीच्या टोकाचंच काम.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिला महिना साधी काठी, दुसरं काही नाही. मग मूठ बसवा, पण बंद ठेवून, वजनाची सवय व्हायला. मग चालू करून खळ्यात. आम्ही तुळशीपासून टेपने 3 मीटर मोजून विटेचा तुकडा ठेवला. मामा मागून चालत यायचे, थरथर सुरू झाली की थांबायचे आणि पायाने वीट शोधायचे. मग तुळशीऐवजी माणूस, मग दोरीवरची गोधडी, मग नुसती काठी उभी रोवून. इथे त्यांचं त्यांनाच कळलं की मऊ गोधडी आवाज पिऊन टाकते, बारीक काठी उशिरा कळते आणि तिरका पत्रा आवाज भलतीकडे फेकतो. हे शिकवून कळत नाही.

अरुंद पाणंदीत दोन्ही बाजूंचे गडगे प्रतिध्वनी देतात आणि मूठ अखंड थरथरत राहते. तिथे मुठीला आखूड टप्पा लावा, म्हणजे ती जवळचंच सांगते. जोराच्या पावसात सेन्सरच्या तोंडावर थेंब बसले की खोटी सूचना येते; त्या वेळी मूठ बंद करून साध्या काठीवर चाला.

चष्म्यात कॅमेरा आणि कानात बोलणारी उपकरणंही आता आली आहेत. पाटी वाचायला, नोट ओळखायला चांगली. पाय कुठे ठेवायचा यासाठी मी त्यांच्यावर सध्या तरी विसंबणार नाही.

फोन खिशात, कान मोकळे

अँड्रॉइड फोनवर दोन्ही व्हॉल्यूम बटणं तीन सेकंद एकदम दाबली की टॉकबॅक सुरू होतो. शॉर्टकट आधी सेटिंगमध्ये चालू करून ठेवावा लागतो. बोट फिरवाल ते वाचून दाखवतो, दोनदा टॅप केलं की उघडतो. बोलण्याची भाषा मराठी करा आणि वेग कमी ठेवा. आयफोनवर हेच काम व्हॉइसओव्हर करतो. वयस्कर माणसाला हे जमत नसेल तर हट्ट नको. बटणांचा फोन द्या: 5 च्या बटणावर उठावदार ठिपका असतो, त्यावरून बाकीची बटणं सापडतात, आणि 2 दाबून धरलं की मुलगी, 3 दाबून धरलं की शेजारी, अशी सोय करून ठेवा.

चालताना फोन हातात नको. एक हात काठीला, दुसरा मोकळा. गळ्यात पिशवी, फोन तिच्यात. कानात इअरफोनचे बोळे घालून चालणं म्हणजे दुसरी नजरही झाकणं. गालाच्या हाडावरून आवाज देणारे हेडफोन मिळतात, त्यांत कान उघडे राहतात.

नकाशाचं आमच्याकडे एक आहे. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस पाचेक मीटर इकडे-तिकडे दाखवतो, माडांखाली आणखी चुकतो. पाणंद दोन मीटरची. म्हणजे नकाशाच्या मते मामा बऱ्याचदा गडग्यापलीकडे शेजाऱ्याच्या आवाठात (आवारात) असतात! वळणं त्याच्यावर सोडू नका. त्याचा उपयोग वेगळा: एकटे निघताना व्हॉट्सअॅपवर तासाभराचं लाइव्ह लोकेशन घरच्यांना पाठवायचं. आमच्या वाडीत घरांना नंबर नाहीत, म्हणून नकाशातून घराचा प्लस कोड (जागा नेमकी दाखवणारा छोटा कोड) काढून दाराआड चिकटवला. 108 ची गाडी बोलवायची वेळ आली तर "पिंपळाकडून खाली" सांगत बसायला नको.

2015 मध्ये डेन्मार्कमधून सुरू झालेलं 'बी माय आइज' हे ॲपही ठेवा. व्हिडिओ कॉलवर दूरचा स्वयंसेवक तुमच्यासाठी बघून सांगतो. आमच्या खोलगटीत रेंजच नसते, त्यामुळे ते तिठ्यावर गेल्यावरच लागतं.

दिशा कळायला किनारा स्वतःच मदत करतो. समुद्र नेहमी पश्चिमेला. गाज डाव्या कानात असेल तर तोंड उत्तरेकडे. पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो, दुपारी खारा वारा समुद्राकडून. पावसाळ्यात मात्र हे गणित मोडतं, आणि कौलांवर सर कोसळत असताना गाजही ऐकू येत नाही. मामांच्या घरी तेव्हा पडवीत रेडिओ मोठ्याने लावतात. परतीची शेवटची पन्नास पावलं त्या आवाजावर.

रस्ता, एसटी, किनारा

फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. वळणावर ओलांडू नका. काठीवर आणि पाठीवर चमकणारी पट्टी लावा. बॅटरीवरच्या स्कूटरचा आवाज येत नाही, म्हणून "काही ऐकू येत नाही" म्हणजे रस्ता मोकळा, असं आता धरता येत नाही. एसटीत चढताना टोकाने आधी पायरीची उंची बघायची, मग दांडा.

रेल्वे फलाटावर पिवळ्या उठावदार लाद्या असतील तर पायांना ओळख करून द्या: लांब पट्ट्या म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे काठ आहे. जपानच्या सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये या लाद्या तयार केल्या आणि 1967 मध्ये त्या पहिल्यांदा ओकायामात बसल्या.

पुळणीवर (किनाऱ्यावरच्या वाळूत) दोन गोष्टी सांभाळा. रापणीचे (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे) दोर घोट्याच्या उंचीवर ताणलेले असतात. आणि ओढून ठेवलेल्या होडीची उलांडी (तोल राखायला बाजूला बांधलेलं लाकूड): काठी तिच्याखालून जाते आणि लाकूड नडगीवर बसतं. होडीपासून चार हात लांबून जा. जेटीवरून होडीत उतरताना भरती-ओहोटी विचारा, सकाळी एक पायरी असलेली उडी संध्याकाळी चार फुटांची असू शकते. तिथे एकट्याने जायचंच नाही.

सोबतीला कोणी असेल तर त्याने दंड धरून ढकलू नये. नजर नसलेल्या माणसाने सोबत्याचा कोपराच्या वरचा भाग धरायचा आणि अर्धं पाऊल मागे राहायचं. सोबत्याचं अंग वर-खाली झालं की पायरी आपोआप कळते. अरुंद जागी सोबत्याने तो हात पाठीमागे घ्यावा. देवळात उत्साही पोरं हात धरून ओढायला लागली की मामा म्हणतात, "तू माका धरू नको, मीच तुका धरतंय."

पावसाळा आणि काठीची निगा

मे संपायच्या आत पायऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासा, आणि पुढे दर पंधरवड्याला. छत्री नको: एक हात अडकतो आणि कानांवर पावसाचा ढोल वाजतो. कंबरेपर्यंतचा रेनकोट, पण टोपी कानांमागे. व्हाळाला पाणी चढलं की त्या वाटेने जाणं बंद, हा नियम घरात आधीच बोलून ठेवा.

खारी हवा घडीच्या काठीचे सांधे खाते. अॅल्युमिनियमवर पांढरट भुकटी धरते आणि एक दिवस घडी उलगडतच नाही. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, पुसा, सांध्यांना मेणबत्ती घासा. तेल लावू नका, वाळू चिकटते. आतलं इलॅस्टिक सैल झालं की चालताना काठी मध्येच सुटते, म्हणून दर पावसाळ्याआधी ओढून बघा. सेन्सरची मूठ रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात मिळतात त्या ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्यांसोबत. चार्जिंग लाइट असेल तेव्हा, बॅटरी संपेल तेव्हा नाही.

टोक जांभ्यावर फार लवकर झिजतं, आणि एकाच बाजूने. दर रविवारी बोटाने चाचपून पाहा. सपाट झालं असेल तर बदला, नाहीतर ते चिऱ्याच्या फटीत अडकायला लागतं. तालुक्याच्या गावात ही टोकं आम्हाला मिळाली नाहीत. मागवाल तेव्हा एकदम तीन मागवा, आणि आपल्याच काठीच्या जाडीची आहेत ना, ते आधी विचारा.